किरकोळ

गल्ल्याला किल्ली लावायचं तसं काही कारण नव्हतं. बँक कोपऱ्यावर, काम दहा मिनिटांचं, वेळ दुपारी अडीचची. मार्चचं ऊन असं पडलेलं की गणपती पेठेत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. पोरगा आत बसून वायसर डब्यांत भरत होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा त्याचा आवाज चाललेला. मी चेकबुक खिशात घातलं, चपला पायात सरकवल्या आणि निघता निघता हात आपला आपणच ड्रॉवरकडे गेला. किल्ली फिरली. खट्ट झालं. आतला वायसरांचा आवाज थांबला. फार नाही, पापणी लवावी एवढाच. मग पुन्हा सुरू झाला.

पोरगा काही बोलला नाही, मान वर करून बघितलंही नाही. मी बँकेतलं काम उरकलं, येताना दोघांसाठी उसाचा रस आणला. "बर्फच लई घातलाय की काका," म्हणाला आणि हसत हसत पिऊन टाकला. म्हणजे सगळं ठीकच होतं. पण रात्री आमटीत भाकरी कुस्करताना ते खट्ट मला पुन्हा ऐकू आलं, आणि दिवा मालवल्यावर पुन्हा.

यात गंमत अशी की मी कुलपंच विकतो. वडिलांनी काढलेलं हार्डवेअरचं दुकान. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, अडसर, चुका, खिळे, पावसाळ्याच्या तोंडावर घमेली आणि खुरपी. गिऱ्हाइकाला चार वेळा उघडमीट करून दाखवल्याशिवाय कुलूप खपत नाही, त्यामुळे हा आवाज दिवसभर माझ्या हातातच असतो. तो असा एकाएकी मागे लागेल असं वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर या पोराच्या आधी जो कामाला होता, त्यानं गल्ल्यातून पैसे खरोखरच नेले होते. तरी त्याच्यासमोर मी कधी किल्ली फिरवली नाही. तो आमच्याच बोळातला, त्याचा बाप माझ्याबरोबर शाळेत होता. या पोराचा बाप मी पाहिलेला नाही, पण ऐकून आहे. बांधावरून भांडण झालं, त्यात समोरचा माणूस गेला, बापाला जन्मठेप लागली. शेवटची काही वर्षं त्यानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात काढली. तिथं कैद्याला कुटुंब घेऊन राहता येतं, म्हणून या पोराचं सहा ते दहा हे वय तिथंच गेलं. ज्यानं त्याला माझ्याकडे धाडलं त्यानं हे सगळं आधीच सांगितलं होतं, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "अहो, मला काय सांगताय स्वतंत्रपूरचं! माझा आवडता सिनेमा आहे तो."

तोऱ्यात म्हटलं होतं खरं.

'दो आंखें बारह हाथ' मी पहिल्यांदा पाहिला तो उलट्या बाजूनं. गणपतीचे दिवस होते, मी आठ-नऊ वर्षांचा. मंडळानं रस्त्यावर पडदा बांधला होता. दोन खांबांना दोऱ्या, मध्ये पांढरं कापड, वारा आला की त्या कापडाला पोट सुटायचं. आम्ही पोचेपर्यंत समोरची बाजू गच्च भरलेली. गोणपाटं, सतरंज्या, बायकांच्या मांडीवर झोपलेली पोरं, कुणाच्या तरी दारातल्या कट्ट्यावर म्हाताऱ्यांची रांग. मी रडवेला झालो. वडील दिवसभर दुकानात उभं राहून आलेले, त्यांच्या अंगाला लोखंडाचा आणि ग्रीसचा वास. ते म्हणाले, "मागूनही दिसतं की." आणि मला खांद्यावर घेऊन पडद्यामागे गेले. तिथं आमच्यासारखीच तीस-चाळीस माणसं बसलेली. नावं उलटी पळाली, एक अक्षर वाचता आलं नाही. मशीनची फरफर लांबून येत होती, आवाजाचा कर्णा मात्र आमच्याच डोक्यावर. त्या रात्री जे दिसलं ते डावं-उजवं करून दिसलं. तो तरुण जेलर आदिनाथ डावखुरा आहे असं मी पुढं कित्येक वर्षं धरून चाललो होतो. दूरदर्शनवर समोरून पाहिला तेव्हा माणूस बदलल्यासारखा वाटला.

त्या वयात मला गोष्ट कळली असेल असं नाही. सहा खुनी माणसं, एक उजाड रान, आणि त्यांना तिथं घेऊन आलेला एक माणूस. कळले ते फक्त डोळे. पळू बघणाऱ्या कैद्यांना अडवणारे, पडदाभर पसरलेले डोळे. आणि शेवटी तर ते आभाळातच. मी वडिलांच्या मानेत तोंड खुपसलं. पुढं आठवडाभर रात्री परसात एकटा जायला तयार नव्हतो. सगळ्या शाळांतून पोरं ज्या सिनेमातली प्रार्थना हात जोडून म्हणत, तो सिनेमा मला भुताचा वाटत होता.

पुढं एकेक गोष्टी कळत गेल्या. पट्टीचा सिनेमावाला असतो तसा मी झालो आणि गिऱ्हाइकालासुद्धा ऐकवायला लागलो. की बाबा, हे काही मुंबईत बसून रचलेलं नाही, हे आपल्या जिल्ह्यातलं आहे. औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूरला हा प्रयोग सुरू झाला, बिनभिंतींच्या तुरुंगाचा. कल्पना मॉरिस फ्रीडमन नावाच्या, पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची, आणि तिला मान देणारे राजे म्हणजे आपले बाळासाहेब पंतप्रतिनिधी. गदिमा शेटफळ्यात जन्मलेले, त्याच मुलखात हिंडलेले; सिनेमाची कथा त्यांनी लिहिली. शांतारामबापू कोल्हापूरचे. प्रार्थना गाणाऱ्या लताबाईंचं लहानपण इथं सांगलीतलं. १९५७ साली सिनेमा आला, पुढच्या वर्षी बर्लिनला बक्षीस मिळालं. बैलाशी झुंजायचं दृश्य घेताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरीच इजा झाली होती, हे तर मी असं सांगायचो की जणू मीच तिथं बैल धरून उभा होतो. हे सगळं सांगताना छाती फुगायची. माणदेशातल्या दुष्काळी मातीला जगात दुसरं काय मिळालंय, असंही वाटायचं.

पण जीव लागला तो या माहितीमुळे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागला.

आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते वर्ष. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. बहिणीकडे मिरजेला आम्ही आठवडाभर होतो, आणि परत येऊन शटर वर केलं तेव्हा आधी वास आला. चिखल, रॉकेल, मेलेलं काहीतरी, आणि या सगळ्याच्या तळाशी ओल्या लोखंडाचा वास, जो मला वडिलांचा म्हणून माहीत होता. गुडघाभर गाळ. खोकी कुजून त्यांचा लगदा झालेला. आणि कुलपं, चौदाशे-पंधराशे असतील, एकूण एक अडकलेली. किल्ली आत जाई पण फिरेना. एवढं पाहून मी पायरीवर बसलो तो बसलोच. शेजारचे फावड्यानं गाळ ओढत होते, मंडळाची पोरं पाण्याच्या बाटल्या वाटत होती, कुणीतरी माझ्या हातात बिस्किटाचा पुडा दिला तो मी तसाच धरून ठेवला होता. दुकान बंद करायचं हे त्या पायरीवर जवळजवळ ठरलं होतं.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर तो सिनेमा लावला. कशासाठी लावला ते आता सांगता येणार नाही. बहुतेक ओळखीचं काहीतरी हवं होतं म्हणून. पावसाचं गाणं आलं आणि मला चक्क राग आला. रान तापलंय, ढग आले, सगळे नाचताहेत. नाचा, म्हटलं, तुमचं काय जातंय. पुढं ढकलत ढकलत मी मागे आलो आणि रान साफ करायच्या भागावर थांबलो. तिथं कुणी भाषण करत नाही. माणसं ढेकळं फोडतात, दगड उचलतात, वाकतात, पुन्हा उचलतात. लहानपणापासून मी डोळ्यांकडेच बघत होतो, नावात हात असूनसुद्धा. त्या रात्री हात दिसले. खुनी हात म्हणून नव्हे, सुधारलेले म्हणूनही नव्हे. दगड उचलणारे, इतकंच. एक झाला की दुसरा.

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यात रॉकेल ओतून पायरीवर बसलो आणि पहिलं कुलूप बुडवलं. तासभर भिजत ठेवायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, तेलाचा थेंब, किल्ली घालून हलकी हलवायची. जोर केला की किल्ली मोडते. दोन महिने हेच केलं. निम्म्याहून जास्त कुलपं भंगारात गेली. बाकीची उघडली. पहिलं जे उघडलं ते पितळी होतं, सहा लिव्हरचं, आणि त्यानं खट्ट केलं तेव्हा समोरचा भांडीवाला टाळ्या वाजवायला लागला. तो आवाज तेव्हा इतका गोड लागला होता. दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं, तेव्हा मात्र माल आधीच वर हलवलेला होता. शहाणपण येतं, पण पाण्याला विचारून.

त्या चिखलातच वडिलांच्या वह्या सापडल्या. लाल कापडी बांधणीच्या, खालच्या कपाटात ठेवलेल्या. बऱ्याचशा पानांची वीट झाली होती. काही पानं मी दोरीवर चिमटे लावून वाळवली, वरच्या खिडकीत, बायकोच्या साड्यांशेजारी. शाई पसरलेली, तरी वडिलांचं अक्षर मोठं आणि दाबून लिहिलेलं, त्यामुळे वाचता येत होतं. त्यातलं एक पान दिवाळीच्या आधीचं, मी आठवीत असतानाचं. खिळे इतके, पत्रा इतका, हमाली, चहा, आणि सगळ्यांत खाली: किरकोळ, ३.००.

आठवीत असताना मी गल्ल्यातून तीन रुपये घेतले होते. दोघा मित्रांबरोबर सिनेमाला जायला, दुपारच्या खेळाला. वडील जेवायला गेले होते आणि मी दुकानात एकटा. रात्री ते हिशेबाला बसले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलेलं. वहीची पानं उलटण्याचा आवाज, पुन्हा नाणी मोजल्याचा आवाज, पुन्हा पानं. मग दिवा मालवला. त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला जाताना नेहमीसारखंच, "बस रे जरा गल्ल्यावर," म्हणून गेले.

हे तीन रुपये तेच, याला पुरावा काही नाही. वडील चहापान, विडी, दारात आलेला वासुदेव, सगळंच किरकोळमध्ये टाकत. मला तेच असावेत असं वाटतं, आणि वाटतं म्हणून ते पान मी अजून जपून ठेवलंय. चिखलाचा डाग तसाच आहे.

तर असा मी. असा सिनेमा पाहिलेला, असं पान जपलेला. आणि हात किल्लीकडे.

बायकोला मी ते खट्टचं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "अहो, तुमचा तो जेलरपण तसलाच. विश्वास टाकला म्हणतो आणि चोवीस तास डोळे वटारून बसतो. डोळे काय आणि कुलूप काय." मला पटलं नाही. मी म्हटलं, अगं, तो धाक नाही, ती आठवण आहे, कुणीतरी आपल्याला माणूस समजतंय याची. ती म्हणाली, "मग माणसानं डोळे मिटून दाखवावं की एकदा." आणि शेंगांची टरफलं सुपात झाडून उठून गेली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तिनं तो सिनेमा धड एकदाही बसून पाहिलेला नाही, आणि एवढं बोलून जाते.

एप्रिलच्या शेवटी पोरानं बहिणीच्या साखरपुड्याला बोलावलं. आटपाडीच्या पुढं, त्याच्या मामाच्या गावाला. मी गाडी काढली, त्याला शेजारी बसवलं. तासगावकडची द्राक्षांची रानं मागे पडली, भिवघाट ओलांडला आणि ऊन एकदम कोरडं झालं. आता तिकडं टेंभूचं पाणी गेलंय, डाळिंबाचे मळे दिसतात. तरी मधूनच एखादं माळरान येतं, मेंढरं, बाभळी, खडकाचा पाठीचा कणा वर आलेला, आणि वाटतं की हो, हाच तो मुलूख. मला राहवेना. मी विचारलं, "तू पाहिलायस का रे तो सिनेमा?"

"बघितलाय की. शाळेत दावला हुता."

"मग?"

तो जरा वेळ बाहेर बघत राहिला. "नंतर पोरं चिडवायची काका. मी दिसलो की ती प्रार्थना म्हणायची. हात जोडून, डोळे बारीक करून." त्यानं करून दाखवलं आणि हसला. मी हसलो नाही. तीस-चाळीस वर्षं ज्याच्यातून मी उजेड घेत होतो, ते या पोराला रस्त्यातून दगडासारखं मारलं गेलं होतं. पडद्याच्या मागच्या बाजूला खरं कोण बसलेलं होतं, असं एकदम वाटून गेलं. स्टिअरिंगवर हात घामेजले.

रस्त्यात त्यानंच गाडी थांबवायला सांगितली. "ते तिकडं बघा. तिथं हुतो आम्ही." आत जायची परवानगी काढलेली नव्हती, आम्ही रस्त्याच्या कडेलाच उभे राहिलो. शेतं, झाडं, ऊन. भिंत दिसते का म्हणून मी उगाच शोधत होतो. तो सांगत होता: शेळ्या होत्या, चिंचा पाडायचो, आबा कांदा चांगला काढायचा. मी मनातल्या मनात आदिनाथाचे डोळे या आभाळावर बसवून बघत होतो, बसेनात. निळं, रिकामं, एक घार. मग तो सहज म्हणाला, "आबा रातच्याला दाराला कडी लावू द्यायचा न्हाई. थंडीतसुदीक. आई दार नुसतं लोटायची आन् पुढं पाट्याचा दगड लावायची. कडी वाजली की आबा झोपेतनं उठून बसायचा."

"आणि आता?"

"आता घरी बी तसंच. अजून दगडच लावतोय."

मी गाडीकडे वळलो. ते वायसर. तो थांबलेला आवाज. मग माझं मलाच कळेना की त्या दुपारी तो कशानं थांबला होता, माझ्या संशयानं की कडीच्या आवाजानं. विचारायची हिंमत झाली नाही. शेवटी वेगळंच विचारलं. "अरे, मग आपल्या दुकानात दिवसभर कड्या वाजतात, कुलपं वाजतात. तुला त्रास होत नाही?"

तो दार उघडून आत बसला. "विकायच्या कडीचा आवाज येगळा असतोय काका," म्हणाला, आणि पट्टा लावायला लागला.

साखरपुड्यात त्याचा बाप भेटला. किडकिडीत, पांढरी मिशी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत फिरणारा. मला बघून त्यानं तांब्या खाली ठेवला, दोन्ही हात धोतराला पुसले आणि मग नमस्कार केला. "पोरगं नीट वागतंय न्हवं?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. जेवताना माझं लक्ष त्याच्या हातांवर जात होतं, नको नको म्हणत जात होतं. पानात जिलेबी वाढताना त्यानं आग्रह केला, मी नको म्हटलं तरी एक टाकलीच. सिनेमाचं नाव मी तिथं काढलं नाही.

आता गल्ल्याची किल्ली कॅलेंडरच्या खिळ्याला असते. बँकेत जाताना मी "बस रे जरा गल्ल्यावर" म्हणतो; पहिले काही दिवस ते वाक्य पाठ केल्यासारखं निघायचं, पोरालाही ते जाणवत असणार. तो येऊन बसतो, मोबाईलवर रील बघतो, गिऱ्हाईक आलं की उठतो. परवा संध्याकाळी हिशेबाला बारा रुपये कमी आले. मी पुन्हा मोजले. मग त्याला दोरी गुंडाळायला मागे पाठवून आणखी एकदा मोजले, खोटं कशाला सांगू. बाराच कमी. सुट्ट्या पैशांत घोळ असेल, किंवा मीच दुपारी चहावाल्याला दिलेले विसरलो असेन. वही पुढं ओढली आणि सगळ्यांत खाली लिहिलं: किरकोळ, १२.००.

मागून त्यानं विचारलं, "काका, शटर ओढू का?" मी म्हटलं, ओढ.